वरातीचा सॅम्पलर आणि स्टुडिओचा सॅम्पलर: हार्डवेअर यंत्र निवडताना

सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज साठवून पॅड दाबताच वाजवणारे यंत्र, घ्यायचे मनात आले की माणूस आधी मोबाइलवर किमती पाहू लागतो, आणि निवड तिथेच चुकायला लागते. किमतीच्या आधी एक गोष्ट नक्की करावी: पॅड दाबल्यावर निघणारा आवाज शेवटी कुठे जाणार आहे? तो त्याच क्षणी गाडीवरच्या बॅसमधून, म्हणजे मोठ्या स्पीकरांतून, बाहेर पडून वरातीच्या गर्दीत विरणार असेल, तर त्यासाठीचे यंत्र वेगळे; आणि तो फाइलीत जाऊन बसणार असेल, उद्या-परवा त्यावर पुन्हा हात फिरणार असेल, तर त्यासाठीचे यंत्र वेगळे. दुकानात दोघांनाही सॅम्पलरच म्हणतात आणि दोघांवरही बहुधा सोळा चौकोनी पॅड दिसतात. मात्र पहिल्याची परीक्षा हाताशी येण्याच्या वेगात होते, तर दुसऱ्याची केलेले काम पुन्हा उघडून बदलण्याच्या सोयीत.

विदर्भातल्या तालुक्याच्या आणि त्याहून लहान गावांत ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच माणसाकडे असतात. लग्नसराईत आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तो डीजे वाजवतो, पावसाळ्यात घरी बसून गणपती आणि दुर्गा उत्सवासाठी रीमिक्स बांधतो, आणि गाव वडसा-ब्रह्मपुरीकडचे असेल तर दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांच्या साउंडवरही बसतो. त्यामुळे ‘दोन्हीला चालेल असे एकच दाखवा’ ही मागणी रास्त आहे. तसे यंत्र मिळतेही. पण ते कोणत्या कामाकडे झुकते हे कळल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

ऑक्टोपॅड म्हणजे सॅम्पलर नव्हे

हा गैरसमज आधी काढून टाकणे भाग आहे, कारण आपल्याकडे धुमाल पार्टीपासून भजनी मंडळापर्यंत सगळीकडे रोलँडचा ऑक्टोपॅड पोचलेला आहे. एसपीडी-२० किंवा एसपीडी-३० या यंत्रांत कंपनीने भरलेले आवाज असतात. त्यांची पट्टी, लांबी, इफेक्ट बदलता येतात, पण आपण रेकॉर्ड केलेले डफडे किंवा आपल्या ग्रुपच्या नावाची आरोळी त्यांत भरता येत नाही. एसपीडी-३० वर जो फ्रेज लूप बांधता येतो, त्यात आवाज साठत नाही; कोणता पॅड केव्हा वाजला एवढीच नोंद साठते. याउलट तसाच दिसणारा, नऊ पॅडचा एसपीडी-एसएक्स हा खरा सॅम्पलर आहे. त्यात आपल्या वेव्ह फाइली भरता येतात, त्याच्या मूळ मॉडेलमध्ये सुरुवातीला २ जीबी आणि पुढे ४ जीबी साठवण होती, आणि २०२२ साली आलेल्या प्रो मॉडेलमध्ये ती ३२ जीबी झाली. तेव्हा जुना ऑक्टोपॅड विकायला काढलेला दिसला आणि सांगणारा ‘यात सगळे भरता येते’ म्हणाला, तर त्याच्यासमोर पेन ड्राइव्ह ठेवावा आणि एक फाइल भरून दाखवायला सांगावे.

डीजेचे काम

डीजेने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हा की वेगळा सॅम्पलर लागतो तरी का. लॅपटॉपवरच्या रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पलर असतो आणि साध्या कंट्रोलरवरच्या, म्हणजे ते सॉफ्टवेअर हाताने चालवण्याच्या यंत्रावरच्या, आठ पॅडवरून तो वाजतो. हॉर्न, सायरन, टाळ्या आणि ‘डीजे अमुकतमुक’ एवढेच वाजवायचे असेल, तर नवीन यंत्र घेणे म्हणजे पैसे घालवणे आहे. तेच पैसे चांगल्या केबलींवर आणि एका जादा हेडफोनवर खर्च करावेत. वेगळे यंत्र तेव्हा उपयोगी पडते, जेव्हा लॅपटॉप अडकला तरी आवाज बंद पडू द्यायचा नसतो, जेव्हा गाणी एक जण लावतो आणि दुसरा साथीदार पॅड वाजवतो, किंवा माइकवर आलेली घोषणा तिथल्या तिथे उचलून पुढच्या गाण्यावर परत फेकायची असते.

यापैकी एखादी गरज खरोखर असेल, तर यंत्र हातात घेऊन पाहावे. पॅड तीन प्रकारे वाजू शकतो: एकदा दाबला की शेवटपर्यंत, दाबून धरला आहे तोवर, किंवा दुसऱ्यांदा दाबेपर्यंत फिरत. हे तिन्ही प्रकार प्रत्येक पॅडला वेगवेगळे लावता आले पाहिजेत, आणि ते बदलण्यासाठी मेनूच्या चार पायऱ्या उतराव्या लागू नयेत. एक आवाज सुरू होताच दुसरा आपोआप तुटावा, अशी गटवारीही हवी. नाहीतर सायरनवर सायरन चढून आवाज मर्यादेत ठेवणाऱ्या, गाडीवरच्या लिमिटरचा लाल दिवा विझायचे नाव घेत नाही. बँक, म्हणजे पॅडवरच्या आवाजांचा संच, बदलताना आधीचा आवाज तुटतो की चालू राहतो, हे दुकानातच पाहून घ्यावे. माहितीपत्रकात हे सहसा सापडत नाही.

सगळ्यांत मोठा प्रश्न लयीचा. समजा, तुम्ही डफड्याचा आणि सनईचा एक लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा, १२० बीपीएमवर (मिनिटाला १२० ठोके) बांधला आहे आणि गाडीवर चालू असलेले गाणे १२८ वर आहे. यंत्राने लूप नुसता जोरात पळवला, तर लय जुळते, पण सूर एका पट्टीहून थोडा जास्त चढतो. पांढरी एकमधली सनई काळी एकच्याही किंचित वर जाऊन बसते, कोणत्याच पट्टीत धड राहत नाही, आणि खालच्या गाण्याशी तिचे भांडण गर्दीतल्या अडाण्यालाही ऐकू येते. डफड्याला एवढा फरक खपतो, सनईला आणि गळ्याला खपत नाही. म्हणून सुरेल लूप वाजवायचे असतील, तर सूर न हलवता लय बदलण्याची सोय, म्हणजे टाइम-स्ट्रेच, यंत्रात आहे का आणि ती वाजवताना लगेच लागू होते की आधी प्रक्रिया करून ठेवावी लागते, हे विचारावे. नुसते ठोके आणि आरोळ्याच वाजवायच्या असतील, तर त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

लय जुळवायला सॅम्पलरला गाण्याचा वेग कळावा लागतो. पायोनिअरच्या डीजेएम-९००एनएक्सएस२ सारख्या मोठ्या मिक्सरमधून मिडी क्लॉक बाहेर पडतो, ज्यात एका मात्रेला २४ ठोक्यांचा इशारा जातो आणि सॅम्पलर त्यावर चालतो. पायोनिअरचाच डीजेएस-१००० हा तर सीडीजेच्या, म्हणजे पायोनिअरच्या डीजे प्लेअरच्या, शेजारी ठेवण्यासाठीच घडवलेला सॅम्पलर. तो प्रो डीजे लिंकच्या वायरने सीडीजेशी लय जुळवतो. गावाकडच्या सेटअपमध्ये मात्र बहुधा लॅपटॉप आणि लहान कंट्रोलर असतो, तिथे या लिंकचा काही उपयोग नाही. आपल्यासाठी महत्त्वाचे बटण टॅप टेम्पोचे. ते पुढेच असावे, मेनूत दडलेले नसावे, आणि चार वेळा दाबून लय पकडता यावी.

त्यातही सोबत जिवंत ढोल-ताशा किंवा संदलचे वादक असतील, तर लूप विसरावा. माणसांची लय रंगात आली की चढते, यंत्राची चढत नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला दोघे दोन वाटांनी जातात. अशा ठिकाणी एकेक ठोक्याचे सॅम्पल हाताने वाजवणेच खरे. त्यासाठी काठीने वाजणारा एसपीडी-एसएक्स सोयीचा आहे, कारण बोटांसाठी केलेल्या रबरी पॅडवर काठी मारली तर यंत्र एक हंगामही काढणार नाही.

जोडणीचीही एक अडचण आधी माहीत असावी. डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या लहान कंट्रोलरला माइकची जागा असते, पण लाइन इनपुट नसतो. सॅम्पलर माइकच्या भोकात घुसवला तर आवाज फाटतो. तो गाडीवरच्या मुख्य मिक्सरच्या स्वतंत्र चॅनलवर घ्यावा, पातळी तिथे लावावी, आणि सगळे सॅम्पल घरीच एका पातळीवर आणून ठेवावेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, सवलतीचे मोजके दिवस सोडून. वरात मात्र निघते आठच्या पुढे. त्या दोन तासांत प्रोजेक्ट उघडत बसायला किंवा आवाज शोधायला वेळ नसतो, म्हणून यंत्र चालू होऊन वाजायला किती सेकंद लागतात हेही दुकानात मोजून घ्यावे.

या सगळ्या कसोट्यांवर, बोटांनी वाजवणाऱ्या डीजेला मी रोलँडचा एसपी-४०४ एमके-टू सुचवीन. ४०४ची ही मालिका २००५ पासून चालत आली आहे आणि हे मॉडेल २०२१ चे आहे. एका प्रोजेक्टमध्ये १६० सॅम्पल आणि असे १६ प्रोजेक्ट त्यात राहतात. बाहेरून आलेल्या आवाजावरही त्याचे इफेक्ट चालतात, आणि रेकॉर्डचे बटण दाबायचे राहिले तरी नुकताच वाजून गेलेला तुकडा स्किप-बॅकने पकडता येतो. दोन सॅम्पल दोन डेकसारखे वाजवण्यासाठी वेगळा डीजे मोडही आहे. माझ्या लेखी त्याचा सर्वांत मोठा गुण मात्र साधा आहे: तो सहा पेन्सिल सेलवर किंवा यूएसबी-सीने पॉवर बँकेवर चालतो. वरातीत जनरेटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, तेव्हा बाकीची यंत्रे जागी होत असताना हा वाजायला तयार असतो.

गाणे बांधण्याचे काम

इथे कसोट्या उलटतात. स्टुडिओत कोणी घाई करत नाही. पण मंगळवारी बांधलेला ठेका शुक्रवारी उघडून त्यातला एकच ठोका सरकवायचा असतो, गायकाने पट्टी बदलली तर सगळे उतरवायचे असते, आणि शेवटी ढोलकी, बॅस, कोरस अशा वेगवेगळ्या फाइली काढून मिक्सिंगवाल्याकडे पाठवायच्या असतात. म्हणून येथे पॅडच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात: सॅम्पल चिरण्याची सोय, सिक्वेन्सर (कोणता आवाज केव्हा वाजावा याची नोंद ठेवून ती वाजवणारा भाग), आणि प्रत्येक ट्रॅक सुटा बाहेर काढण्याची सोय.

जुन्या काळी ही कामे किती तोकड्या साधनांत होत, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये सगळे मिळून सुमारे १० सेकंदांचे सॅम्पल मावत. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, रॉजर लिन यांच्या आखणीवर अकाईचा एमपीसी-६० आला आणि सॅम्पलर व सिक्वेन्सर एकत्र असलेल्या यंत्राची घडण रुळली. चार-चारच्या चार ओळींतले सोळा पॅड त्यातले, आणि ठेक्याला झोका देणाऱ्या त्याच्या स्विंगचे नाव आजही घेतले जाते.

स्मृतीचा हिशेब एकदा समजून घेतला की माहितीपत्रकातले आकडे बोलू लागतात. सीडीच्या दर्जाचा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचा स्टिरिओ आवाज दर मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतो. त्यामुळे २०२३ साली आलेल्या टीनेज इंजिनिअरिंगच्या मूळ ईपी-१३३ मधल्या ६४ एमबीमध्ये सहाएक मिनिटांचा स्टिरिओ आवाज मावतो. ठोक्यांसाठी ते पुष्कळ आहे, पण गायकाचे अख्खे कडवे वारंवार भरायचे असेल तर अपुरे. इलेक्ट्रॉनच्या पहिल्या डिजिटॅक्टमध्येही एका प्रोजेक्टला ६४ एमबीच मिळतात आणि त्याचे सॅम्पल मोनो असतात. २०२४ च्या डिजिटॅक्ट-टू मध्ये स्टिरिओ आणि १६ ट्रॅक आले. अकाईच्या एमपीसी वनमध्ये २ जीबी रॅम आहे, त्यामुळे तिथे मिनिटांची चिंता उरत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की प्रोजेक्ट साठवणीतून रॅममध्ये चढायला वेळ लागतो, मोठा प्रोजेक्ट असेल तर जास्तच. घरी हे चालते, वरातीत चालत नाही.

आपल्या भागातले संगीत करणाऱ्याने आणखी एक बाब तपासावी, जिच्याविषयी परदेशी परीक्षणांत अवाक्षर नसते. बहुतेक यंत्रांचा पॅटर्न, म्हणजे फिरत राहणारा ठेका, सोळा खान्यांचा असतो, आणि केरवा त्यात नीट बसतो. दादऱ्याच्या सहा मात्रा सोळात बसत नाहीत; पॅटर्नची लांबी बारावर आणता आली पाहिजे. खंजिरीचे भजन करणाऱ्या, म्हणजे मोझरीच्या राष्ट्रसंतांच्या परंपरेतल्या मंडळांसाठी काम करणाऱ्या माणसाला ही गरज पहिल्याच दिवशी पडते. शिवाय खंजिरीची लय खान्याच्या रेषेवर चालत नाही, किंचित मागेपुढे डुलते. तेव्हा क्वांटाइझ, म्हणजे ठोके खान्याच्या रेषेवर ओढणारी सोय, पूर्ण बंद करून वाजवलेले जसेच्या तसे टिपणारे यंत्र हवे. एमपीसी-६० एका मात्रेचे ९६ भाग करत असे, आताचे एमपीसी ९६० करतात. एवढ्या बारकाईत हाताचा डौल शाबूत राहतो.

सॅम्पल कसे घ्यावे, याचा एक नमुना देतो. खंजिरी घराच्या आतल्या खोलीत, गाद्या आणि ब्लँकेटे लावून रेकॉर्ड करावी. टिनाच्या छपराखाली केली तर प्रत्येक ठोक्यामागे छपराची झणझण येते आणि ती नंतर काढता येत नाही. माइक वाद्यापासून हातभर दूर आणि थोडा बाजूला ठेवावा. आधी मोकळा ठोका, मग दाबलेला, मग नुसती झांजांची किणकिण, असे प्रत्येकी पाच-सहा वेळा हलके व जोरात वाजवून घ्यावे. यंत्रात चिरताना सुरुवात अगदी ठोक्याला भिडवावी, कारण पुढे रिकामी जागा राहिली तर पॅड उशिरा वाजल्यासारखा वाटतो. शेपूट मात्र उदारपणे ठेवावे. मोकळा आणि दाबलेला ठोका एकाच गटात टाकावेत, म्हणजे दाबलेला वाजताच मोकळ्याची गुंज तुटते, जशी ती खऱ्या हाताखाली तुटते. हे चार सोपस्कार ज्या यंत्रावर दहा मिनिटांत होतील ते तुमचे. ज्यावर तासभर लागेल, ते कितीही नावाजलेले असो, महिन्याभरात कपाटावर जाईल.

येथेही प्रामाणिक सल्ला असा की लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे गाणी बांधण्याचे सॉफ्टवेअर व्यवस्थित चालत असेल, तर हार्डवेअर सॅम्पलर ही गरज नसून आवड आहे. आधी ऑडिओ इंटरफेस आणि एक बरा माइक घ्यावा. आवड म्हणून घेणे गैर नाही. पडद्यापासून दूर, पॅडवर बोटे ठेवून सुचणारे ठेके माउसने सुचत नाहीत, हे मीही मानतो.

दोन्ही कामांत कायद्याचाही फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीत गाणे वाजवण्याला सूट आहे, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाचे इतर समारंभ येतात. ही सूट वाजवण्यापुरती आहे. सिनेगीताचा तुकडा कापून स्वतःच्या गाण्यात बसवला आणि ते गाणे प्रसिद्ध केले, तर तिचा आधार मिळत नाही. तिथे हक्कधारकाची परवानगी लागते. म्हणून गाणी बांधणाऱ्याने स्वतः रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा साठा करावा, आणि आपल्याकडे डफडे, खंजिरी, पोळ्याच्या झडत्या म्हणणारे गळे यांना तोटा नाही.

वीज, ऊन आणि जुने यंत्र

जपानमधून आलेल्या जुन्या यंत्रांचे अडॅप्टर पुष्कळदा १०० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टवर ते लावताच जळतात. अडॅप्टर बदलताना व्होल्टेजसोबत पिनचे टोक धन आहे की ऋण, हेही यंत्रावरच्या खुणेशी जुळवावे, कारण रोलँड-बॉसच्या बऱ्याच जुन्या यंत्रांत आतली पिन ऋण असते. सॅम्पलर आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नयेत, आणि बॅसमधून सतत गुणगुण येत असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे ही गुणगुण तोडणारी जोडणीची डबी, टाकून पाहावा. चालू करताना सॅम्पलर आधी व अॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलट.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. भर दुपारच्या वरातीत टचस्क्रीनवरचे काही दिसत नाही आणि तापलेले यंत्र कधी काय करील याचा नेम नसतो. मैदानी कामासाठी खरी बटणे आणि दिवे लागणारे पॅड असलेलेच यंत्र घ्यावे, त्यावर पांढरे फडके असावे, आणि कापसाच्या गाडीतून नेले असेल तर जोडण्याआधी जॅकमधली रुई व धूळ ब्रशने काढावी.

जुने यंत्र घेताना प्रत्येक पॅड अगदी हलक्या बोटाने आणि मग जोरात वाजवावा. एका दाबात दोनदा वाजणारा किंवा हलका दाब न ओळखणारा पॅड म्हणजे झिजलेला सेन्सर. केबल लावून जॅक हलवावा, गोल बटणे फिरवताना खरखर येते का ऐकावे, कार्ड घालून काढून पाहावे. सोबत स्वतःच्या फाइली न्याव्यात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटच्या वेव्हमध्ये. एमपी३ चालत नाहीत अशी यंत्रे आहेत, आणि चालत असले तरी एमपी३ करताना सुरुवातीला शिरणाऱ्या सूक्ष्म शांततेमुळे लूप प्रत्येक फेरीला अडखळतो.

ज्याला एकच यंत्र घेऊन दोन्ही कामे करायची आहेत, त्याचे उत्पन्न वरातीतून येत असेल तर एसपी-४०४ एमके-टू घ्यावा. त्यात पॅटर्न बांधून साखळीने जोडता येतात, यूएसबीने आवाज थेट लॅपटॉपमध्ये जातो, आणि गाण्याची बाकी बांधणी एफएल स्टुडिओत होते. उत्पन्न गाण्यांतून येत असेल तर एमपीसी वन, आणि वरातीसाठी कंट्रोलरवरचेच पॅड. तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू होतात, तेव्हा कापसाच्या चुकाऱ्याची वाट न पाहता जमेल तर दसऱ्यापर्यंत यंत्र घरात यावे: आवाज भरणे, पातळी सारखी करणे, पॅडची जागा बोटांत बसवणे याला महिना सहज लागतो, आणि सगळ्या बँकांची एक प्रत दुसऱ्या कार्डवर काढून ती गाडीत न ठेवता घरी ठेवावी.